पाहुण्यांची वेळ दोन ते चार

आमच्या सरांना आकाशातलं काही म्हणजे काही ओळखता यायचं नाही. खगोलशास्त्रात उभी हयात घालवलेला माणूस, पण सप्तर्षी दाखवा म्हटलं की चष्मा पुसत बसायचा. एकदा गिरगावातल्या एका मंडळानं चौपाटीवर संध्याकाळी आकाशदर्शन ठेवलं आणि प्रमुख पाहुणे म्हणून सरांना बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, तो समोरचा तेजस्वी तारा कोणता हो?" सरांनी वर बघितलं, बाजूच्या भेळवाल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यांना विचारा. हे रोज इथे असतात." भेळवाल्यानं शुक्र असं सांगितलं, आणि ते बरोबर होतं. बाई चिवट होत्या. "मग तुम्ही ज्याचा अभ्यास करता तो कुठेय?" सरांनी बुटाचं टोक वाळूत रोवलं. "आत्ता इथे, खाली. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. पण आमचं काही अडत नाही." त्या मंडळानं सरांना पुन्हा बोलावलं नाही.

सर रात्री साडेनऊला झोपायचे. त्यांचं सगळं खगोलशास्त्र दुपारी दोन ते चार चालायचं, जेवण झाल्यावर, जेव्हा उरलेलं गिरगाव वामकुक्षी घेत असतं. लोकांना ही थट्टा वाटायची, पण तिला कारण होतं. सर गॅमा किरणांतले. हे किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वरच्या हवेतच संपतात, म्हणून ते पकडायची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत ठेवलेली आहे. तिला आरसा नाही की भिंग नाही. धातूच्या पातळ पत्र्यांची चळत आहे. किरणाचा एक कण येतो, पत्र्यात शिरतो, तिथेच मोडतो, आणि त्याचे दोन तुकडे खाली जाताना मागे रेघा सोडतात. त्या रेघांवरून तो कुठून आला आणि किती जोरात आला ते काढायचं. दर तीन तासांनी ही दुर्बीण अख्खं आकाश झाडून काढते आणि जे मिळेल ते जगात कोणालाही फुकट देते. सरांचा जीव या फुकटपणावर होता. "ना अर्ज, ना साहेबाची सही," ते म्हणायचे. "गिरगावात बसा आणि घ्या." दुर्बिणीचं खरं नाव भारदस्त होतं, पण सर तिला 'वरची' म्हणत. वरचीनं आज काय पाठवलं, वरची आज गप्प का, असं.

मी डिलाईल रोडच्या चाळीतली. बाबा बसवर कंडक्टर, आईचं सगळं बोलणं मालवणीत. माटुंग्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला सर आम्हाला शिकवत. प्रकल्पासाठी कोणी मिळेना म्हणून मी त्यांच्याकडे गेले, आणि त्यांनी घरचा पत्ता देऊन दुपारी पावणेदोनला बोलावलं. मे महिना होता. बसमधून उतरून वाडीत शिरले, दोन जिने चढले आणि घामानं निथळत दार वाजवलं. सरांनी दार उघडलं. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पायमोजे आणि चकचकीत काळे बूट. घरात.

मी म्हटलं, "सर, बाहेर निघालात का? मी नंतर येते."

"बाहेर कुठे? पाहुणे येणारेत." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मोरीत जा. हातपाय धू. केस नीट कर."

मला राग आला. आमच्या चाळीत पाय धुतल्याशिवाय कोणी घरात घेत नाही हे मला कोणी शिकवायला नको होतं, पण केस? काकू, म्हणजे सरांच्या बायको, जमिनीवर बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांनी कोपरानंच टॉवेलाकडे खूण केली. "जा बाई, धू. स्वतःच्या लग्नाला एवढा नटला नव्हता हा माणूस."

मी आले, बसले. जेवणाच्या टेबलावर नारळाची खवणी बाजूला सारून त्यांनी कॉम्प्युटर ठेवला होता. शेजारी एक जाडजूड वही. पाहुणे कुठून येणार म्हणून मी दाराकडे बघत राहिले. दोन वाजता सरांनी वरचीची यादी उघडली, खाली सरकवत नेली, एका ओळीवर थांबले, आणि खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "या."

मग वहीत लिहिलं. तारीख, वेळ, जोर, आणि शेवटच्या रकान्यात तो कितपत आपला.

तो रकाना मला कळायला महिना गेला. सरांचा क्वेसार म्हणजे एका फार लांबच्या दीर्घिकेचं पोट. तिथे एक प्रचंड कृष्णविवर आजूबाजूचं सगळं गिळत बसलंय, आणि गिळता गिळता त्यातून एक झोत बाहेर पडतो. झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे, म्हणून आशा. त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यसुद्धा नव्हता. साध्या उजेडात तो मोठमोठ्या दुर्बिणींना दिसला होता. गॅमा किरणांत तो अजून कोणालाही सापडला नव्हता. दुर्बीणवाले दर काही वर्षांनी सापडलेल्यांची यादी काढतात. त्या यादीत याचं नाव यावं, एवढंच सरांना हवं होतं. त्यासाठी एक रेघ ओलांडावी लागते. संशय कितपत फिटला हे सांगणारा एक आकडा असतो, तो पंचवीसच्या वर गेला पाहिजे. मी पहिल्यांदा पाय धुऊन बसले त्या दिवशी सरांचा आकडा अकरा होता.

क्वेसारला अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक नाव होतं. सर त्याला 'आमचे लांबचे' म्हणायचे.

एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तो कण पत्र्यात शिरला तिथेच संपला. आता इथे 'या' कोणाला म्हणता? आणि हे बूट कशाला?"

सरांनी चष्मा काढला. "तो अब्जावधी वर्षं वाटेत होता. वाटेत कुठे अडला नाही, कुठे वळला नाही, आणि आला तो आपल्याच दारात येऊन संपला. इतक्या लांबून आलेल्याला बनियनवर कोण भेटतं?"

पुढच्या शनिवारपासून मी इस्त्रीचा ड्रेस घालून जायला लागले. आई विचारायची, "खंय गो जातस एवढा नटान?" मी सांगायचे, अभ्यासाला. तिचा विश्वास बसायचा नाही.

सरांचं शिकवणं असं असायचं की वर्गात कोणाला काही कळायचं नाही आणि घरी सगळं कळायचं. गॅमा दुर्बिणीला बारीक दिसत नाही. कण आला तो आकाशाच्या कुठल्या भागातून आला हे तिला साधारण कळतं, नेमकी जागा कळत नाही. आमच्या लांबच्यांच्या शेजारी दुसरा एक क्वेसार होता, पुष्कळ जवळचा आणि भलताच तेजस्वी, त्याचे कण सगळीकडे सांडायचे. मला हे गणितात समजेना. तेव्हा सरांनी मला गॅलरीत उभं केलं. "वास घे. काय येतोय?"

"बोंबील तळतायत."

"कोणाकडे?"

मी नाक वर करून राहिले. वाडीत एका मजल्यावर बारा बिऱ्हाडं.

"वास आला म्हणजे बोंबील आहेत हे नक्की. आता ठरव. वारा कुठला, कोणाकडे रोज असतात, कोणाकडे आज श्रावण पाळतात. मग म्हण, साठ टक्के पाटीलबाईंकडे, तीस टक्के कोपऱ्यावर. शंभर टक्के कधी म्हणायचं नाही, पाटीलबाईंच्या तव्यात डोकावलं तरी." मग आत वळून ओरडले, "अगं, कोणाकडे गं?" काकूंचा आवाज आला, "आपल्याकडेच!" सर म्हणाले, "हे असं होतं कधी कधी." त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवूनच घरी गेले. सर प्रभू ज्ञातीतले, तेव्हा प्रभूंच्या घरचं जेवण. कोलंबीचं भानोलं, म्हणजे कांदा-कोलंबीची भाजलेली जाड वडी, मी तिथेच पहिल्यांदा खाल्लं, आणि आमच्या आईला त्याचं वर्णन करून तिचा राग ओढवून घेतला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी शोध लावला. निदान मला तसं वाटलं. सरांची जुनी पद्धत मला मागास वाटायची, म्हणून मी सगळी मांडणी स्वतः नव्यानं केली, तीन वर्षांचे कण दिवसवार लावले. आणि दिसलं काय, तर आमचे लांबचे मधूनच भडकतात, दोन दिवस, की पुन्हा गप्प. दोन भडकण्यांमधलं अंतर मोजलं. सत्तावीस दिवस. पुढचंही सत्तावीस. एकही चुकत नव्हतं. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. तिथे एक नाही, दोन कृष्णविवरं आहेत आणि ती एकमेकांभोवती फिरतायत, असं मी ठरवूनच टाकलं. आकडा पंचवीसच्या कुठच्या कुठे वर गेला होता. शोधनिबंधाचा मसुदा लिहिला, सरांचं नाव पहिलं घातलं आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

सर वाचून म्हणाले, "सत्तावीस ना? बरं." पुढचे तीन शनिवार त्यांनी तेवढंच विचारलं. सत्तावीस ना? हो सर. बरं.

चौथ्या शनिवारी संकष्टी होती. आकाशातलं एकच काम सरांच्या घरात सरांकडे होतं. काकूंचा उपास, तेव्हा चंद्रोदय कितीला ते त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगायचं. त्या दिवशी त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. "तू सांग आज."

मी वेळ सांगितली.

"त्याच चौकोनात बारीक अक्षरात नक्षत्र पण असतं. तुझे भडकलेले दिवस काढ बरं, आणि त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता ते वाच."

मी पानं उलटली. चित्रा. मागचं पान, चित्रा. त्याच्या मागचं, चित्रा.

"आमचे लांबचे कुठे राहतात?"

"चित्रेजवळ." माझा आवाज खाली गेला होता.

"नक्षत्रं किती?"

सत्तावीस, चंद्राला रोज एक. आमच्या चाळीतल्या कोणत्याही बाईला ते पाठ आहे. गॅमा किरणांत चंद्र सूर्यापेक्षाही झगझगतो, कारण अंतराळातून येणारे वेगवान कण त्याच्या दगडांवर आपटत असतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. दर महिन्याला तो फिरत फिरत आमच्या क्वेसारजवळून जात होता, आणि त्याचा उजेड मी अब्जावधी वर्षांपूर्वीच्या खात्यात टाकत होते. ही चूक आमच्या धंद्यातल्या माणसानंच करावी. मान वर करून एकदा आकाशाकडे बघणाऱ्या माणसाच्या हातून ती झाली नसती. आतून काकू म्हणाल्या, "म्हणजे चंद्रच होता होय? मला विचारायचं. त्याच्यासाठी उपाशी बसते मी दर महिन्याला."

मी विचारलं, "सर, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मग सांगितलं का नाहीत?"

"चूक सांगायची नसते," सर म्हणाले. "माणसाला तिच्या शेजारी नेऊन बसवायचं. ओळख झाली की मग ती परत होत नाही." यात ते चुकले, पण ते पुढे सांगते.

त्यानंतर चंद्र जवळ असेल ते दिवस गाळायचे, ही माझ्या मांडणीतली पहिली पायरी झाली. आणि 'चंद्र काढलास का?' हा सरांचा मला विचारायचा कायमचा प्रश्न झाला. आकडा सांगितला की चंद्र काढलास का. परीक्षेचा निकाल सांगितला तरी चंद्र काढलास का. मी एका मुलाबद्दल फार उत्साहानं बोलले तेव्हाही तेच, आणि त्या वेळी मी खरंच काढायला हवा होता.

एम.एस्सी. झाल्यावर मी संशोधनात राहावं, ही त्यांची इच्छा होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही, पण माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली होती. बाबा निवृत्त व्हायला आले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं. लोअर परळच्या एका विमा कंपनीत आकडेमोडीची नोकरी मिळाली. मी पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हातात धरून विचारलं, "चंद्र काढलास का?"

मी चिडले. "सर, आमच्या घरात चंद्रच जवळ आहे. लांबचं मला परवडत नाही."

इतकं तोडून बोलायला नको होतं. सरांनी तो पेढा खाल्ला. दोन आठवडे मी गेले नाही. तिसऱ्या शुक्रवारी फोन आला, "उद्या दोनला येतेस ना? तुझी खुर्ची काकू उन्हात वाळवणाला वापरते, ती सोडवायचीय." मी गेले. मग दर शनिवारी जात राहिले, वर्षानुवर्षं. सर निवृत्त झाले. आकडा तेरा झाला, पंधरा झाला, एका वर्षी घसरून चौदावर आला तेव्हा सर दोन दिवस जेवले नाहीत असं काकूंनी सांगितलं. आणि अशातच त्यांची मूत्रपिंडं गेली.

परळच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, दुपारी एक ते पाच. म्हणजे पाहुण्यांच्या वेळेलाच. सरांनी वेळ बदलून मागितली, मिळाली नाही. मग मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून टॅक्सीनं तिकडे जायला लागले. लॅपटॉपवर यादी काढायची, वाचून दाखवायची. सर दुसऱ्या हातानं वहीत लिहायचे.

डायलिसिसला डावा हात उघडा लागतो, आणि अर्ध्या बाह्यांत सर पाहुण्यांना भेटायला तयार नव्हते. त्यांनी गिरगावातल्या त्यांच्या शिंप्याकडे चार पांढरे शर्ट नेले, डाव्या बाहीची शिवण खांद्यापर्यंत उसवून घेतली आणि तिथे टिचबटणं लावून घेतली. यादी उघडायच्या आधी सुईच्या आजूबाजूनं मी ती बटणं लावून द्यायची. बुटांवरून मात्र सिस्टरशी भांडण झालं. "अंकल, बेडवर शूज नाही चालणार." "अहो, पुसलेले आहेत." "अंकल, इन्फेक्शन होईल. तुमचे गेस्ट मला शिव्या देतील का?" शेवटी इस्त्री केलेल्या पायमोज्यांवर तडजोड झाली. पायमोज्यांना इस्त्री करणारं ते एकच घर मी पाहिलंय.

त्या खाटेवर सर जास्त बोलायला लागले होते. एकदा म्हणाले, "तुला माहितीय ना, जे फार जोरात निघतात ते आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. वाटेत इतक्या ताऱ्यांचा उजेड भरलेला असतो, त्यावर आपटून संपतात. आपल्याकडे येतात ते मवाळ. मी कधी जोरातला पाहिलाच नाही." मग जरा थांबून, "किती झाले?" मी म्हटलं एकवीस. "चंद्र काढून?" काढून. ते भिंतीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत राहिले. आकडा कुठल्या गतीनं चढतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि आपली गतीही. वर्षाला एक, फार तर दीड. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्याच सुमारास माझा जुना लॅपटॉप गेला. नवा घेतला, मांडणी घाईघाईनं नव्यानं लिहिली, आणि पुढचे महिने चालवत राहिले. काम वाढलं होतं, बाबांचं आजारपण होतं. चार महिन्यांनी एका मंगळवारी ऑफिसात डबा खाता खाता मी आकडा काढला. पंचवीस पूर्णांक चार. मी डबा तसाच टाकला. खाली धावले, टॅक्सी पकडली. टॅक्सीत मी एकटीच हसत होते आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता. पुलावर आईचा फोन आला. "गो, आज अंगारकी संकष्टी आसा हां. भायरचा काय खाव नको."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला. संकष्टी. चंद्र. नव्या मांडणीत मी चंद्र काढलाच नव्हता.

चार महिने. प्रत्येक महिन्याचे दोन दिवस. चंद्र काढल्यावर किती उरतील ते माहीत नव्हतं, पण पंचवीस उरणार नाहीत हे नक्की होतं. हॉस्पिटलचा जिना मी एकेक पायरी करत चढले. आदल्या शनिवारी डॉक्टर काकूंशी दाराबाहेर हळू आवाजात बोलत होते ते मी पाहिलं होतं. सर झोपलेले असावेत, अशी मी जिन्यात प्रार्थना केली. ते जागे होते. पायमोजे घालून, बाही उघडी ठेवून वाट बघत होते. मी बटणं लावायला लागले. पहिलंच बटण चुकीच्या जोडीला लागलं.

"काय गं?"

"सर, पंचवीस," मी म्हटलं. "पंचवीस पूर्णांक चार."

माझ्या तोंडून ते गेलं. मागे घेण्याइतकी मी मोठी नव्हते. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी विचारला असता तर मी खरं सांगितलं असतं, तिथेच रडले असते. त्यांनी विचारला नाही. उशीवरून डोकं जरासं उचललं आणि म्हणाले, "या."

गुरुवारी काकू भानोल्याचा डबा घेऊन आल्या. सगळ्या सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटांवरच्यांचे नातेवाईक, सगळ्यांना वाटलं. सरांनी सिस्टरची नजर चुकवून एक तुकडा खाल्ला. माझ्या वाट्याचा तुकडा मी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. घरी मी चंद्र काढून पाहिला होता. बावीस.

सर त्यानंतर पाच आठवड्यांनी गेले. यादीत नाव पाठवू या का, असं त्यांनी त्या पाच आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, आजारपणात राहून गेलं. मी सुटले असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज अजून जात नाही.

महिन्यानंतर काकूंनी बोलावलं आणि वही दिली. "तुझ्याशिवाय कोण वाचणार ती? घेऊन जा." मी तिथेच टेबलावर शेवटून उघडली. हॉस्पिटलातली पानं, एका हातानं लिहिलेली, तिरकी अक्षरं. मी वाचून दाखवलेल्या ओळी. मधूनच एका ओळीवर काट आणि समासात पेन्सिलीनं एक लहानशी चंद्रकोर. खाली लिहिलं होतं, 'चंद्र राहिलाय. तिला सापडेल.' पुढच्या महिन्यात पुन्हा दोन काटलेल्या ओळी, पुन्हा कोर, 'अजून नाही.' त्याच्या पुढच्या महिन्यात नुसती कोर. आणि त्या मंगळवारच्या तारखेला:

'चंद्रासकट पंचवीस. विचारलं नाही. दमून आली होती.'

मी वही मिटली. काकू समोर उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चंद्राचं, टॅक्सीचं, जिन्याचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? पण त्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, भानोलं कर. मी म्हटलं, ह्या तब्येतीत कशाला ते? तर म्हणाला, पोरीनं एवढं आणलंय, परत कसं पाठवायचं?"

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मला सरांची आठवण सारखी येते, आणि ती त्यांच्या हुशारीची येत नाही. ऑफिसात आकड्यांचे ढीग माझ्यापुढे येतात, मी सह्या करते, सगळे छान म्हणतात. खरं का, नीट बघितलंस का, असं कोणी विचारत नाही. घरी काही सांगितलं तर खूश होतात. मी तेव्हा समोरच्या खुर्चीकडे बघते, आणि खुर्चीत कोणी नसतं.

शनिवारी मात्र मी गिरगावात असते. गेल्या शनिवारी संकष्टी आली होती. मी मोरीत पाय धुतले, केस नीट केले, पिशवीतून बूट काढून घातले. काकूंनी चंद्रोदय विचारला, मी कॅलेंडरात बघून सांगितला. दोन वाजता यादी उघडली. आठवडाभरात एकच आला होता, मवाळ, साठ टक्के आपला. मी खुर्चीतून उठून "या" म्हटलं आणि वहीत लिहिलं. मग आकडा काढला.

काकू ओट्याशी साबुदाणे परतत होत्या. "किती झाले गं?"

"तेवीस."

त्यांनी गॅस बारीक केला, झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चंद्र काढलास का?"

दोन वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. डोळे भरून आल्यामुळे समोरचा आकडा मला दिसेना.

"काढला, काकू," मी म्हटलं. "काढून तेवीस."